मनातले मांडे, मामीचे मांडे

डबा खाताना मी सहज बोलून गेले, "आखाजीला माहेरी चाललेय. पोटभर मांडे खाऊन येते." समोर बसलेली मैत्रीण, अस्सल पुण्याची, घास हातात तसाच धरून हसली. "मनातले का गं?"

टेबलावरचे सगळे हसले. मीही हसले, कोटी चांगलीच होती. पण जागेवर येऊन बसले तरी काहीतरी टोचत राहिलं. जरा वेळाने उलगडलं. ती चेष्टा करत नव्हती. मांडे मनाच्या बाहेरही असतात, चुलीवर भाजले जातात, त्यांच्या वाफेने बोटं पोळतात, हे तिला खरोखरच ठाऊक नव्हतं. आपण 'मुसळ केरात' म्हणतो आणि मुसळ हातात धरलेलं नसतं, 'उखळ पांढरं झालं' म्हणतो आणि उखळ पुराणवस्तूंच्या दुकानात बघतो, तसंच. वस्तू गेली, म्हण उरली. फक्त माझ्या बाबतीत वस्तू गेलेली नव्हती. ती तापीकाठी, मामीच्या अंगणात, तीन दगडांच्या चुलीवर होती.

माझं माहेर रावेर तालुक्यातलं आणि आजोळ मुक्ताईनगरकडचं. आजी शेवटपर्यंत त्या गावाला एदलाबादच म्हणत राहिली. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. गुजरातीत ती अखात्रीज होते, राजस्थानात आखातीज, आमच्याकडे येईपर्यंत 'तीज' झिजून नुसता 'जी' उरतो. बाकी महाराष्ट्रात त्या दिवशी सोनं घ्यायला रांगा लागतात. खानदेशात लेकी माहेरी येतात. दिवाळीपेक्षा आखाजी मोठी, असं सांगितलं की बाहेरच्या माणसाला खरं वाटत नाही. पण शेतातलं काम आवरलेलं, झाडाला आंबा आलेला, कडुनिंबाला झोके टांगलेले, आणि पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर. अशा उन्हात कोणी सण मांडेल का? आम्ही मांडतो. आई आम्हाला घेऊन चार दिवस आधीच एस.टी.ने आजोळी यायची, आणि आल्या दिवसापासून घरात एकच विषय असायचा: गहू.

गव्हाला आधी पाण्याचा हात लावायचा. मग फडक्यात बांधून रात्रभर मुरवत ठेवायचा, सावलीत कोरडा करायचा आणि दळायचा. दळलेलं पीठ चाळणीने चाळायचं आणि त्यानंतर मलमलच्या कापडातून. कोंडा निराळा, रवा निराळा, आणि शेवटी कापडाखाली जे पांढरं, बोटाला रेशमासारखं लागणारं उरतं, ती सपिटी. मांड्यांना तीच लागते. तिच्यात मीठ घालून सैलसर भिजवायचं आणि मग तिंबायचं. तिंबणं हा शब्द पुस्तकात वाचताना साधा वाटतो. मामी परातीपुढे बसून तो गोळा उचलून आपटायची, लांबवायची, घडी घालायची, पुन्हा आपटायची, पाण्याचा शिपका द्यायची, आणि हे इतका वेळ चालायचं की बघणाऱ्याचे खांदे दुखावेत. गव्हातला चीक जागा व्हावा लागतो. तो जागा झाला की गोळा हातातून लोंबतो पण तुटत नाही. झाला की नाही हे मामी बघून सांगायची नाही. कानाशी नेल्यासारखा गोळा उचलायची, दोन बोटांनी ओढायची, आणि पुन्हा झाकून ठेवायची. "अजून निजू दे त्याले."

पुरण एव्हाना पाट्यावर वाटून झालेलं असायचं. हरभऱ्याची डाळ आणि गूळ. चुलीवर खापर चढलेलं. खापर म्हणजे काय, तेही सांगायला हवं, कारण ते पाहिलेली माणसंही कमी होत चाललीत. मोठ्या मडक्याचा फक्त खालचा अर्धा भाग असावा आणि तो पालथा घातलेला असावा, असं दिसतं ते. पोट वर, तोंड खाली, आणि तोंडातून आत पऱ्हाट्यांचा जाळ. कपाशीच्या वाळक्या काड्या भुरकन पेटतात, भुरकन विझतात, म्हणून एक माणूस फक्त जाळ बघायला. ते काम आम्हा मुलांचं. नवं खापर असेल तर आधी मंद धगीवर तापवत न्यायचं. घाई केली की तडकतं, आणि ऐन सणाच्या दिवशी कुंभाराकडे दुसरं खापर नसतं.

मग ती गोष्ट. मामी उंड्याची वाटी करून त्यात उंड्याहून मोठं पुरण भरायची, तोंड बंद करायची, पोळपाटावर हलक्या हाताने बशीएवढी लाटायची. इथपर्यंत कुणालाही जमेल. पुढचं सगळं हवेत. ती पोळी उचलून पालथ्या पंजांवर घ्यायची आणि या हातावरून त्या हातावर, त्या हातावरून या हातावर अशी फिरवायची. पोळी आपल्याच वजनाने पसरत जायची, पंज्यावरून मनगटावर, मनगटावरून पार कोपरापर्यंत. बांगड्या मागे सारलेल्या. पदर खोचलेला. पोळी एवढी पातळ की पलीकडचा जाळ तिच्यातून तांबूस दिसायचा, आणि तरी आतलं पुरण सगळीकडे सारखं पसरलेलं. दीड-दोन फूट झाली की दोन्ही हात एकदम खापरावर न्यायचे आणि खालून काढून घ्यायचे. पोळी खापरावर बसायची. टाकली असं म्हणवत नाही. तान्ह्या मुलाला झोळीत ठेवावं तशी ठेवलेली.

एक बाजू झाली की उलटायची, तुपाचा हात, आणि गरम असतानाच रुमालासारखी चौघडी. आमरसात बुडवून खायची, नाहीतर दूध-तूप घालून. बाजूला पुरणाच्या डाळीच्या पाण्याची झणझणीत रशी, कुरडया, पापड. पहिला मांडा कुणी खायचा नाही. तो देवाचा आणि पितरांचा. आजोबा निखाऱ्यांवर तूप आणि घास सोडायचे, त्याला आगारी म्हणतात. शेजारी पाण्याने भरलेली मातीची घागर, तिच्यावर लहान मडकं, त्यावर आंबा. आगारी टाकताना आजोबा नावं पुटपुटायचे. वडील, आजोबा, पणजोबा. चौथ्याला अडखळायचे. नाव आठवायचं नाही, मग म्हणायचे, "खापरपणजोबा." मला लहानपणी पक्कं वाटायचं की त्यांना खापरपणजोबा म्हणतात ते त्यांच्यासाठी आज खापर चढवलंय म्हणून.

एकदा मी आजीला विचारलं, मांड्यांना मांडे का म्हणतात?

"हातावर मांडते म्हनून मांडे. त्याच्यात इचारासारखं काय हाये?"

वर्षानुवर्षं मला हे उत्तर पुरलं. माझ्या मते ते आजही वाईट नाही. पण त्या डब्याच्या टेबलानंतर मी हट्टाला पेटले आणि शब्दाच्या मागे लागले.

शब्द आजीच्या हातावरून उतरून बराच मागे जातो. संस्कृतात 'मण्डक' आहे, गव्हाच्या पिठाचा एक भाजलेला पदार्थ. प्राकृतात तो 'मंडअ' झाला आणि मराठीत 'मांडा'. ही वाट अगदी मळलेली आहे. दण्डक ज्या वाटेने दांडा झाला, घोटक ज्या वाटेने घोडा झाला, त्याच वाटेने. शेवटचा 'अक' झिजून 'आ' झाला. आणि मधला 'ण्ड' मागच्या स्वराला लांबवून स्वतः सैल पडला, जसा मण्डपाचा मांडव होताना. आपल्या भाषेने संस्कृत शब्द चावून चावून मऊ केले, त्यातले हे. आजीचं 'मांडणं' येतं ते 'मण्डयति'कडून, सजवणं, रचणं. म्हणजे व्याकरणाच्या दृष्टीने आजी चुकली होती. मांडा हे नाव मराठीला तयार मिळालेलं आहे, मराठीतल्या मांडण्यावरून घडवलेलं नाही. पण ज्या बाईने सत्तर वर्षं तो पदार्थ हातावर रचला तिला दोन्ही शब्द सख्खे वाटले, तर त्यात नवल नाही.

'खापर' मात्र मला जास्त आवडला. संस्कृतात 'खर्पर' आणि 'कर्पर' अशी दोन्ही रूपं. मडक्याचा तुकडा, फुटलेलं भांडं. कर्पटाचं कापड झालं, सर्पाचा साप झाला, कर्णाचा कान झाला, तसंच खर्पराचं खापर. कर्पर म्हणजे कवटीसुद्धा. आणि नुसता हाच शब्द नाही, 'कपाल'ही तसाच आहे: मडक्याचा तुकडाही कपाल, आणि आपलं कपाळही कपालावरूनच. माणसाचं डोकं आणि मडक्याचं पालथं बूड, दोन्ही गोल, दोन्ही फुटणारी. यज्ञात 'पुरोडाश' नावाची जी पोळी अर्पण करायचे ती अशाच कपालांवर भाजलेली असायची. आठ कपालांवरची ती अष्टाकपाल, अकरांवरची एकादशकपाल. म्हणजे देवासाठी मातीच्या तुकड्यावर पोळी भाजणं हे मामीच्या अंगणाच्या कितीतरी आधीचं.

मराठीने या खापराचं काय केलं ते बघा. खापर फोडायचं ते दुसऱ्याच्या डोक्यावर. वाईटाचं सगळं ओझं त्या बिचाऱ्यावर. आणि चौथ्या पिढीची नाती, ज्यांची नावंही कुणाला आठवत नाहीत, त्यांच्यामागे खापर लावायचं: खापरपणजोबा, खापरपणजी, आणि उलट्या बाजूने खापरपणतू. भाषेत खापर म्हणजे दोष नाहीतर विस्मरण. आमच्याकडे मात्र ते अजून पालथं पडून जाळ सोसतं आणि माणसं जेवतात.

मांड्यांचा माग काढताना जी गोष्ट वाचून मी खुर्चीवरून उठलेच, ती बाराव्या शतकातली आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, राज्य ११२६ ते ११३८. कल्याणी म्हणजे आजचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. या राजाच्या नावावर 'मानसोल्लास' नावाचा एक अफाट संस्कृत ग्रंथ आहे. त्यात हत्ती आहेत, रत्नं आहेत, राज्य कसं करावं ते आहे, आणि 'अन्नभोग' नावाचं प्रकरण आहे, ज्यात राजाने काय खावं ते चवीने सांगितलंय. तिथे मण्डक आहेत. गहू धुऊन वाळवून दळायचा, पीठ चाळायचं, तूप-मीठ घालून मळायचं, गोळे करायचे, हातांनी वाढवायचे आणि तापलेल्या खर्परावर भाजायचे. मी ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना मला त्या राजाच्या स्वयंपाकघरात जाळ बघणारं एखादं पोर दिसायला लागलं. राजाने लिहिलं, बरं केलं. पण लिहिण्याजोगं काही त्याला दाखवलं ते एखाद्या कोपरापर्यंत बाह्या सारलेल्या माणसाने, आणि त्याचं नाव ग्रंथात नाही.

आता मुक्ताई. तिला टाळून मांड्यांवर लिहिता येत नाही, निदान मला तरी नाही, कारण माझं आजोळ तिच्या नावाचं गाव आहे. एदलाबादचं मुक्ताईनगर झालं ते तिच्यामुळेच. जवळच तापी-पूर्णेचा संगम, चांगदेवांचं देऊळ, कोथळी, मेहूण. परंपरा सांगते की १२९७ साली वैशाखात, वीज कडाडली आणि मुक्ताबाई तापीकाठी गुप्त झाली. वैशाख म्हणजे आखाजीचाच महिना. शुद्ध तृतीयेला आम्ही मांडे खायचो आणि वद्य पक्षात मुक्ताईची पुण्यतिथी यायची. आषाढीला पंढरपूरला सर्वांत आधी निघणाऱ्या पालख्यांमध्ये तिची पालखी असते, कारण चालायचं अंतर मोठं.

गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. आळंदीची. भावंडांना वाळीत टाकलेलं. एक दिवस ज्ञानेश्वरांना, काही जण सांगतात निवृत्तिनाथांना, मांडे खावेसे वाटले. मुक्ता कुंभाराकडे खापर मागायला गेली. विसोबा चाटीने कुंभारांना दटावून ठेवलं होतं, या पोरांना कुणी खापर द्यायचं नाही. ती रडत परत आली. तेव्हा ज्ञानेश्वरांनी योगाने पाठ तापवली आणि मुक्ताईने त्या पाठीवर मांडे भाजले. विसोबा भिंतीआडून बघत होता तो विरघळला. पुढे तोच विसोबा खेचर, नामदेवांचा गुरू.

लहानपणी मला यातला चमत्कारच दिसायचा. तापलेली पाठ. मोठेपणी, मामीच्या शेजारी बसून, एक वेगळंच काही दिसलं. मुक्ता तव्यासाठी नाही गेली. खापरासाठी गेली. आठ-दहा वर्षांच्या पोरीलाही ठाऊक होतं की मांडे तव्यावर होत नाहीत. का होत नाहीत? कारण हातावर वाढवलेली ती पातळ, ओली पोळी सपाट तव्यावर ठेवायला गेलं की तिला सुरकुत्या पडतात, कडा एकमेकींवर येतात. तिला खाली ओघळायला उतार लागतो. पालथ्या घुमटावर ठेवली की ती आपल्या वजनाने चहूकडून ताणून बसते. खापराची पाठ वर असते, म्हणूनच मांडा मांडा होतो.

आणि वाकलेला माणूस? त्याचीही पाठ तशीच असते.

गोष्ट सांगणाऱ्याने हात-पाय-कपाळ असं काहीही निवडलं नाही, पाठ निवडली. ज्याने पहिल्यांदा ही गोष्ट रचली त्याने, किंवा तिने, मांडे केलेले होते, याबद्दल मला शंका नाही. तो तपशील विद्वानाला सुचणारा नाही. चुलीपुढे बसणाऱ्याला सुचणारा आहे.

अजून एक. विसोबाने त्यांचा गहू काढून घेतला नाही, गूळ अडवला नाही. भांडं अडवलं. गावगाड्यात कुंभार बलुतेदार, त्याने कुणाला काय द्यायचं हे गावातले वजनदार लोक ठरवणार. माणसाला उपाशी न ठेवताही त्याचा सण कसा मोडता येतो, हे त्या विसोबाला नेमकं माहीत होतं. आमच्या गावातही अशी वाळीत टाकलेली घरं होती. त्यांच्याकडे आखाजीला काय शिजायचं हे मी कधी विचारलं नाही. आता विचारायला कोणी उरलेलं नाही.

रावेरहून रेल्वेने जेमतेम अर्ध्या तासावर बऱ्हाणपूर. आज ते मध्य प्रदेशात आहे, पण फारुकी सुलतानांच्या काळात खानदेशची राजधानी तेच होतं. वडील कापसाच्या कामाला जायचे तेव्हा एकदा मला घेऊन गेले. संध्याकाळी बाजारात एका दुकानापुढे एक दाढीवाले चाचा हवेत काहीतरी फिरवत होते. मी ओरडले, "अण्णा, मांडे!" वडील म्हणाले, "हो, मांडेच." पुरण नव्हतं त्यात. मैद्याची चादरीएवढी पातळ रोटी, पालथ्या लोखंडी कढईवर भाजलेली, मटणाच्या रश्श्यासोबत खायची. बऱ्हाणपूरचे मांडे म्हणून ती दूरदूर प्रसिद्ध आहे. माझ्या मनात त्या दिवशी काहीतरी हललं. मांडा हा आखाजीचा, सोवळ्याचा, आजीचा असा माझा समज होता. तिथे तो दाढीवाल्या चाचांच्या हातावर होता आणि हात अगदी मामीसारखेच चालत होते, मनगटावरून कोपराकडे. घरी येऊन मी आजीला सांगितलं. ती सोवळ्याची पक्की होती, मला वाटलं नाक मुरडेल. तिने एवढंच विचारलं, "खापर का कढई?" कढई म्हटल्यावर म्हणाली, "मंग चव कुठून येईन." तिचा आक्षेप धर्माचा नव्हता, लोखंडाचा होता.

शब्द असा सगळीकडे सांडलेला आहे. बेळगावकडे मांडे असतात, त्यात पुरण नाही, पिठीसाखर आणि तूप, कागदासारखे कुरकुरीत, लग्नात मिरवायचे. कन्नडमध्ये त्यांना मंडिगे म्हणतात, आणि गंमत म्हणजे कन्नड माणूसही मनातल्या मनात मंडिगे खातो. म्हण जशीच्या तशी. कुणी कुणाकडून घेतली याच्या भांडणात मी पडणार नाही, सीमाभागात आधीच पुरेशी भांडणं आहेत. हिंदीत मात्र 'हलवा-मांडा' झाला. "उसे तो अपने हलवे-मांडे से काम", म्हणजे त्याला फक्त स्वतःच्या पोटाची, स्वतःच्या फायद्याची पडलेली. एकच पदार्थ, पण हिंदीवाल्याने तो ताटात ओढून घेतला आणि मराठी नि कन्नड माणूस त्याची नुसती कल्पना करत बसला. यावरून कुणाच्या स्वभावाबद्दल काही सिद्ध होत नाही. पण मला हसू येतं.

मनात खायला नेमके मांडेच का, हे मात्र मला मामीकडे बघून कळलं असं वाटतं. भाकरी कुणी मनात खात नाही. ती रोजची, हाताशी असलेली. लाडू मनात खायला हरकत नाही, पण लाडू डब्यात टिकतो, उद्याही मिळतो. मांडा टिकत नाही. तो करायला दोन दिवसांची तयारी, कुंभाराचं खापर, जाळाला माणूस, आणि घरात एक तरी बाई जिच्या हातांना ते येतं. एवढं सगळं जुळून यायला हवं. ज्याच्याकडे यातलं एखादंच कमी असतं तो मनात मांडे खातो. विसोबाच्या गोष्टीतली मुक्ता खापराच्या वाटेवर नेमकं तेच करत असणार.

आमच्या रावेरकडे, खरं सांगायचं तर, या पदार्थाला पुष्कळ जण मांडे म्हणतच नाहीत. 'पुरनपोयी' म्हणतात. आमच्या बोलीत ळ-चा य होतो, पोळीची पोयी, केळीची केयी, जळगावचं जयगाव. तव्यावर लाटून केलेली ती पुण्याची पुरणपोळी त्यांच्या हिशोबी खरी पुरणपोळी नाहीच. पुण्यात आल्यावर मी पहिल्यांदा ती खाल्ली तेव्हा, मनापासून सांगते, मला वाटलं मोठी पोळी करायला वेळ नव्हता म्हणून लहान करून आणली. पोळी हा शब्दही जुनाच, संस्कृतातल्या पोलिकेपासून आलेला. तर एकाच वस्तूला आजोळी मांडा आणि माहेरी पोयी. लहानपणी मी दोन्ही गावांत दोन्ही शब्द बदलून वापरायचे आणि दोन्हीकडे बोलणी खायचे.

गेल्या वर्षी मी ठरवलं, पुण्यात मांडे करायचे. मैत्रिणीला जेवायला बोलावून. आखाजीहून परतताना मामीने कुंभाराकडून नवं खापर आणून दिलं. गोधडीत गुंडाळलं, वर गवत, वर पोतं. रात्रीच्या खाजगी बसमध्ये मी ते मांडीवर घेऊन बसले होते. पहाटे कुठेतरी डुलकी लागली असावी, सामान काढणाऱ्याने ते पोतं उचलून इतर बॅगांवर ठेवलं. पुण्यात उतरून गोधडी उघडली तर आत तीन तुकडे. ड्रायव्हर म्हणतो क्लीनरने ठेवलं, क्लीनर म्हणतो बाई झोपल्या होत्या. मी पहाटे साडेपाचला रस्त्याच्या कडेला फुटकं खापर हातात घेऊन उभी, आणि ते कुणावर फोडायचं याची चर्चा चाललेली. नवऱ्याला फोनवर सांगितलं तर तो एवढा हसला की मी फोन ठेवला.

तरी मी हटले नाही. लोखंडी कढई पालथी घातली, गॅसच्या मोठ्या शेगडीवर. आजी असती तर बोलली असती. सपिटीऐवजी दुकानातला मैदा आणि कणीक निम्मं-निम्मं. पुरण सुरेख झालं होतं, ते मला जमतं. पोळपाटावर बशीएवढी लाटली, पालथ्या हातांवर घेतली, या हातावरून त्या हातावर... चौथ्या फेरीला ती मधोमध उघडली आणि पुरण माझ्या मनगटावरून थेट ओट्यावर. दुसरी कोपरापर्यंत गेली आणि तिथून फरशीवर. तिसरी कढईवर पोचली. चंद्रकोरीच्या आकारात. मैत्रीण स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने ओट्यावरचं पुरण चमच्याने खाल्लं, त्या चंद्रकोरीचा तुकडा आमरसात बुडवला, आणि मग शांतपणे म्हणाली, "म्हणजे असतात." तिने मस्करी केली नाही याबद्दल मी तिची ऋणी आहे. खापराचे तीन तुकडे अजून बाल्कनीत आहेत, मोठ्यात चिमण्यांना पाणी ठेवते.

त्याच रात्री मामीला फोन केला. आधी फुटलेल्या खापराचं सांगितलं. ती म्हणाली, "जाऊ दे, मातीच ते." मग माझी विद्वत्ता उतू चालली होती, म्हणून सोमेश्वराचंही सांगितलं. की मामी, हे जे तू करतेस ना, हे असंच्या असं नऊशे वर्षांपूर्वी एका राजाने लिहून ठेवलंय. गहू धुणं, चाळणं, हातावर वाढवणं, खापर, सगळं. शब्दसुद्धा तोच.

"नऊशे वर्सं?" मामी म्हणाली.

"नऊशे."

"अन् राजानं?"

"राजानं."

ती जरा वेळ गप्प राहिली. मला वाटलं तिला भरून आलं असेल.

"बरं, ते राहू दे. तू पीठ किती येळ निजवलं व्हतं?"

"अर्धा तास," मी म्हणाले.

पलीकडून काहीच आवाज आला नाही. मग फोनपासून तोंड बाजूला करून, तिने घरातल्या कुणाला तरी हाक मारली. "अर्धा तास म्हने! आयकलं का व?"